दारात खुर्ची टाकून बसलेली गोळी

पत्रकं वाटणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते: पत्रक कुणी वाचत नाही. लोक घेतात, घडी घालतात आणि पुढच्या वळणावर टाकून देतात. लालबागच्या मसाला गल्लीत तर बायका त्यातच खडा हिंग बांधून नेतात. त्यामुळे त्या सकाळी एक उंच, सावळ्या, पदर कमरेला खोचलेल्या बाई माझं पत्रक घेऊन, कुटल्या जाणाऱ्या मिरच्यांच्या खकाण्यात, उभ्या उभ्या वाचायला लागल्या तेव्हा मी वाटप थांबवून बघतच राहिले. पुढची बाजू वाचली. उलटवलं. मागची वाचली. खाली बारीक अक्षरातलं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. मग सणसणीत शिंकल्या आणि ओरडल्या,

“कुणी लिहिलंय हे?”

“मी!” मी मान ताठ करून म्हटलं. मला वाटलं, आता शाबासकी.

“‘बंद नाकाचे थेंब म्हणजे नाकात विष!’ विष? कुठल्या दाराला लागतं हे विष?”

“कसलं दार?”

“रिसेप्टर गं! पेशीवरचं दार! अल्फा की बीटा?”

“मॅडम, मुद्दा कंपन्यांच्या लुटीचा आहे.”

“लूट आहेच! म्हणून तर ती नीट पकड म्हणते!” त्यांनी माझं मनगट धरलं आणि गल्लीच्या मधोमध शिकवायला सुरुवात केली. “नाकातल्या रक्तवाहिन्यांवर अल्फा जातीची दारं असतात. थेंब पडला की दार वाजतं. वाहिन्या आकसतात, सूज उतरते, नाक मोकळं! चमत्कार! पण थोडे दिवस. रोज रोज वाजवलं की दारं बहिरी होतात. मग थेंब थांबवला की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं, आणि माणूस पुन्हा बाटली उघडतो. यात विष कुठंय? यात धंदा आहे! ‘थोडे दिवसच वापरा’ हे बाटलीवर मुंगीच्या अक्षरात का, ते विचार ना! पाऊण पान तू नुसतं विष विष करत बसलीस.”

“मॅडम, मिरची बेडगी देऊ की संकेश्वरी?” मागून दुकानदार.

“थांब रे, इथे नाक चाललंय!”

ही डॉ. सुमती परब यांची आणि माझी पहिली भेट. मी तोपर्यंत पुष्कळ डॉक्टर बघितले होते. आमचा औषधांच्या हक्कांसाठी भांडणारा छोटा गट आहे, त्यामुळे डॉक्टर मला बघितलं की एकतर हसायचे नाहीतर घड्याळ बघायचे. माझ्यावर इतक्या प्रेमाने ओरडलेली ही पहिलीच डॉक्टर. जाताना म्हणाल्या, “रविवारी ये डिलाईल रोडला. पुढचं पत्रक छापायच्या आधी मला मोठ्याने वाचून दाखवायचं. उभं राहून. आणि हात गार का गं तुझे? घाबरलीस?”

हातांची ही त्यांची खोड कायमची. कुणीही भेटलं की आधी त्याची बोटं हातात घेऊन बघायच्या. गार असतील तर, “अल्फा! कातडीचं रक्त आत पळालं. कुणाशी भांडून आलास?” आणि तो खरंच भांडून आलेला असायचा. चाळीतल्या नवऱ्यांनी त्यांच्याशी हात मिळवणं बंद केलं होतं म्हणे.

परळच्या एका मेडिकल कॉलेजात त्यांनी हयातभर औषधशास्त्र शिकवलं. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. शिकून मोठी झालेली माणसं गिरणगाव सोडतात, हा इथला शिरस्ता. मॅडमनी तो मोडला. शेजारची खोली रिकामी झाली तेव्हा ती घेऊन मधल्या भिंतीत दार पाडलं, आणि राहिल्या तिथेच, दुसऱ्या मजल्यावर. कुणी विचारलं की चिडायच्या. “दादरला फ्लॅट घेऊन काय करू? इथे सकाळपासून उदाहरणं मिळतात. फ्लॅटमध्ये कुणी आरडाओरडा तरी करतं का?”

उदाहरणं हा शब्द त्यांनी हलक्याने वापरलेला नव्हता. पहिल्याच रविवारी आम्ही चौघं-पाचजण त्यांच्या खोलीत जमलो. माझ्या नव्या पत्रकात ‘ऍड्रिनलीन’ हा शब्द होता. मॅडम म्हणाल्या, “ऍड्रिनलीन म्हणजे काय ते सांग.” मी म्हटलं, “भीतीचं हार्मोन.” त्यांनी कपाळाला हात लावला, उठल्या, गॅलरीत गेल्या आणि सगळी चाळ हादरेल अशा आवाजात ओरडल्या,

“पाणी आलं!”

अहो, काय झालं म्हणून सांगू! सकाळी पाणी येऊन गेलेलं. तरी धाडधाड दारं उघडली. एक बाई हंडा घेऊन पळाली. एकीने चुलीवरची कढई आधी खाली उतरवली. एक मुलगा टाकीवर चढला. समोरच्या तांबेकाकूंनी कपडे वाळत घालायचं सोडून नळाची तोटी गाठली. कोपऱ्यातल्या खोलीत कुणीतरी झोपलेल्याला हलवून उठवलं. आणि वरच्या मजल्यावरून एक म्हातारी आजी खेकसली, “पुरे झाला आरडाओरडा!”

मॅडम टाळ्या वाजवत आत आल्या. डोळे लकाकत होते. “बघितलंत? हाक एकच! पण प्रत्येक खोलीने वेगळं काम केलं. ऍड्रिनलीन ही नुसती हाक आहे. कातडीतल्या अल्फा दारावर ती पोचली की तिथली नळी आवळते. हृदयाच्या बीटा-वन दारावर पोचली की हृदय हंडा घेऊन पळत सुटतं. फुप्फुसाच्या बीटा-टू दारावर पोचली की श्वासाची नळी मोकळी होते. कढई खाली उतरवणारी बाई कोण? पोट! पचन थांबवा, आता पळायचंय! आणि ती आजी अल्फा-टू. हाक जास्त झाली की हाक मारणाऱ्यालाच गप्प करते. भीतीचं हार्मोन म्हणे! भीती वाटो नाहीतर आनंद, हाक तीच!”

एवढ्यात तांबेकाकू रिकामी बादली घेऊन दारात उभ्या. “मॅडमानू, पुन्हा असा केलात तर ही बादली तुमच्या डोक्यार ओतीन हा! पाणी खंय आसा?”

“काकू, विज्ञानासाठी केलं.”

“विज्ञानाक सांगा, माझे कपडे खाली पडले!”

मॅडम स्वतः खाली जाऊन ते कपडे वेचून घेऊन आल्या. काकूंची बोटंही तपासून घेतली.

औषधं मग त्यांनी दळवीकाकांवरून शिकवली. दळवीकाका म्हणजे तळमजल्यावरचे, जिन्याच्या तोंडाशी दारात खुर्ची टाकून दिवसभर पेपर वाचणारे. “काही औषधं खोटी हाक मारतात. दम्याचा निळा पंप असतो ना, तो फुप्फुसाच्या दारावर ‘पाणी आलं’ म्हणतो. नळी उघडते. आणि काही औषधं दळवीकाकांसारखी. बीटा-ब्लॉकर! स्वतः काही करायचं नाही, नुसतं दारात खुर्ची टाकून बसायचं. हाक येते, पण आत जात नाही. ज्याचं हृदय उगाच पळतंय त्याच्यासाठी हे काका देव आहेत. पण काका भलत्या दारात बसले तर?” खालून दळवीकाका ओरडले, “सुमे, ऐकू येतंय हां मला!”

औषध चांगलं की वाईट, असं त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. आम्ही चळवळीतली पोरं. आम्हाला चांगलं-वाईट याशिवाय दुसरं येतच नाही. मॅडम म्हणायच्या, “औषधाला चारित्र्य नसतं गं, पत्ता असतो. चारित्र्य विकणाऱ्याला असतं. त्याच्यावर तुटून पड, मी तुझ्याबरोबर आहे.”

आता प्रणालीचं सांगते. हे सांगण्यासाठीच लिहायला घेतलंय.

मॅडमच्या चाळीच्या पटांगणात मुलींचं गोविंदा पथक सराव करायचं. गुरुपौर्णिमेला नारळ वाढवायचा आणि तिथून गोपाळकाल्यापर्यंत, जमेल तेव्हा, थरावर थर. मॅडमचा रविवार म्हणजे गॅलरीतली खुर्ची, हातात चहा आणि चढणाऱ्या मुलींचं चालू समालोचन. “ती बघ, वरची खाली बघतेय. गेली! आता तोंडाला कोरड. हात बर्फ. गुडघा बघ, गुडघा! ती थरथर बीटा-टूची!” पत्रक वाचता वाचता मी थांबले की, “तू वाच गं, मी ऐकतेय.” खरंच ऐकायच्या. चूक आली की अर्ध्या वाक्यात तोडायच्या. कुणालाही पूर्ण वाक्य म्हणून बोलू द्यायच्या नाहीत, हा त्यांचा मोठा दुर्गुण.

प्रणाली तिसऱ्या थरावरची. कुरियरच्या ऑफिसात नोकरीला, नोकरीवरून थेट सरावाला येणारी, आणि बोलण्यात राजधानी एक्स्प्रेस. सगळ्या पथकाच्या बातम्या तिच्याकडे. तिची आई घरी भाजणीची पिठं करून विकायची. प्रणालीला लहानपणापासून दमा होता, आणि तो आईला सोडून कुणालाही ठाऊक नव्हता. दमेकरी पोरीला थरावर कोण घेणार? पंप ती बॅगेत, मोज्याच्या गुंडाळीत लपवून ठेवायची. वरच्या थरातल्या मुलीचे पाय आपल्या खांद्यावर असतात. ते पाय तिने दोन वर्षं सांभाळले होते. ती जागा गेली असती तर पोरीचं काय झालं असतं ते मला विचारू नका.

पथकाचा कप्तान नितीनदादा. माणूस सोन्यासारखा. मुलींना घरी सोडायला स्वतः जाणारा, सेफ्टी बेल्टशिवाय वर पाय टाकू न देणारा. त्याचा आतेभाऊ नोकरीच्या मुलाखतीला गेला होता. हात थरथरतात म्हणून कुणीतरी त्याला गोळी दिली, आणि हात एकदम स्थिर. नितीनदादाच्या डोक्यात प्रकाश पडला. थर कोसळतात कशामुळे? गुडघे थरथरतात म्हणून! त्याने नाक्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय त्या गोळ्यांच्या पट्ट्या आणल्या.

आणि त्याने गोळी दिली कशी? तर प्रसादातून! सराव सुरू करायच्या आधी पथकात एक रीत असते. कप्तान प्रत्येकीच्या तळहातावर खोबरं-साखर ठेवतो, ती कपाळाला लावून तोंडात टाकायची, खालच्या थराच्या पाया पडायचं आणि चढायचं. त्या रविवारी खोबऱ्याबरोबर गोळी आली. “थरथर जाते, घ्या,” एवढंच तो म्हणाला. लपवलं नाही, फसवलं नाही. पण कप्तानाच्या हातचा प्रसाद परत कोण देतं? विचारतं तरी कोण? कुठल्या मुलीने विचारलं असतं, “दादा, ही कुठल्या दाराला लागते?”

सराव सुरू होऊन तासभर झाला होता. गॅलरीतून आम्ही बघत होतो. मॅडम अस्वस्थ होत्या. “आज काहीतरी वेगळं आहे,” त्या म्हणाल्या. “गुडघे हलत नाहीत. एकीचेही नाहीत. असं होत नाही.”

मी म्हटलं, “सराव झालाय त्यांचा.”

“सरावाने भीती जाते, हाक जात नाही.”

तेवढ्यात थर उतरला. प्रणाली सगळ्यांत शेवटी खाली आली आणि उभी न राहता भिंतीला टेकून बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे. तिच्या मैत्रिणी हसत होत्या, त्यांना वाटलं दमली. तिने बॅग ओढली, मोजे उलगडले आणि सगळ्यांसमोर पंप तोंडाला लावला. दोन वर्षं लपवलेला पंप! एकदा ओढला. पुन्हा ओढला. काहीच फरक नाही. छातीतली शीळ वर गॅलरीत ऐकू आली.

मॅडम जिना कशा उतरल्या ते मला कळलं नाही. मी धावले तेव्हा त्या प्रणालीसमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या, हाताची बोटं तिच्या मनगटावर. “नाडी बघ, नाडी!” त्या मला ओरडल्या. “एवढी गुदमरतेय पोरगी आणि नाडी संथ! कुणी काय दिलंय हिला?”

प्रणालीने तोंड उघडलं. “प्र... सा...द.”

नितीनदादा पुढे आला. चेहरा पांढराफटक. खिशातून पट्टी काढली. मॅडमनी नाव वाचलं, आणि मी त्यांचा असा आवाज आधी कधी ऐकला नव्हता. “प्रोप्रॅनोलॉल! नित्या, अरे हे काका सगळ्या बीटा दारांत बसतात! हृदयाच्या पण, फुप्फुसाच्या पण! हाताच्या थरथरीचं आणि श्वासाच्या नळीचं दार एकाच जातीचं आहे रे! थरथर थांबवलीस ना, त्याच हाताने हिची नळी बंद केलीस. म्हणून पंप लागत नाहीये! दाराबाहेर ओरडतोय नुसता!”

“मग आता काय, मॅडम?” नितीनदादा रडकुंडीलाच आला.

“आता टॅक्सी! प्रणाली, पंप घेत राहा, थांबू नकोस. काकांना ढकलायला गर्दी लागते. पण आपण मागच्या दाराने जाऊ.”

टॅक्सीत त्यांनी परळच्या मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत फोन लावला. तिथे त्यांचा कुणीतरी विद्यार्थी ड्यूटीवर असायचाच. “मी परब. दम्याची मुलगी आणतेय, प्रोप्रॅनोलॉल घेतलेली. ऐकलंस? आधी ऑक्सिजन. नेहमीच्या वाफेवर विसंबू नकोस, इप्राट्रोपियम तयार ठेव. ते या दाराने जातच नाही. मला काय विचारतोस, तुला पेपरात विचारलं होतं मी हे!”

प्रणाली मागच्या सीटवर आमच्या दोघींच्या मध्ये. तिचे ओठ राखाडी पडत चाललेले, खांदे प्रत्येक श्वासाला वर चढणारे. मॅडम तिला सारख्या सांगत होत्या, “माझ्याकडे बघ. बोलायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बस.” चिंचपोकळीच्या पुलाआधी सिग्नल लागला तेव्हा त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून हवालदाराला अशी हाक मारली की त्याने शिट्टी न वाजवता रस्ता मोकळा केला.

वाचली. दुपारपर्यंत शीळ कमी झाली. संध्याकाळी तिने आईकडे चहा मागितला आणि मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी तोपर्यंत पेटले होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझं पत्रक तयार: ‘प्रसादातून विषबाधा! कप्तानाला अटक करा!’ मॅडमना उभं राहून वाचून दाखवलं. पहिल्या ओळीलाच त्यांनी तोडलं. “पुन्हा विष? आणि नित्याला अटक करून काय मिळणार? त्याच्या हातात ती पट्टी दिली कुणी? चल.”

आम्ही नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. मालकाने मॅडमना बघून खुर्ची पुसली. त्या बसल्या नाहीत. “मला एक सांग. प्रोप्रॅनोलॉल कुणाला देऊ नये?”

तो चटकन म्हणाला, “दमेवाल्यांना.”

“माहीत आहे तुला!”

“शिकलोय ना, मॅडम.”

“आणि पट्ट्याच्या पट्ट्या मागणाऱ्याला विचारलं नाहीस, कुणासाठी?”

“सगळेच देतात, मॅडम. आम्ही नाही दिलं तर समोरचा देतो.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “हे लिही,” म्हणाल्या. “जसंच्या तसं. ‘माहीत होतं. विचारलं नाही.’ याहून मोठा मथळा तुला आयुष्यात मिळणार नाही.” मी लिहिलं. पत्रक छापलं, वरळीपासून गिरगावापर्यंत वाटलं. आणि हे मी आजही म्हणते: या शहरात चिठ्ठीची औषधं चण्या-फुटाण्यांसारखी विकली जातात, आणि ज्यांनी थांबवायचं ते डोळे झाकून बसलेत. तुमच्या गल्लीतल्या दुकानात जाऊन बघा!

पण नितीनदादाला मॅडमनी सोडलं असं समजू नका. त्याला त्यांनी दुसरी शिक्षा दिली. आजूबाजूच्या प्रत्येक पथकात जायचं, सरावाच्या आधी सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, मी काय केलं आणि काय होणार होतं. “पत्रकाला कोण विचारतं? कप्तानाचं ऐकतात.” हे माझ्यासमोर बोलल्या! तो गेला. पहिल्या दोन ठिकाणी त्याला हसले. तिसऱ्या पथकाच्या कप्तानाने गुपचूप खिशातून तसलीच पट्टी काढून त्याच्या हातात दिली.

एवढ्यात पथकाच्या समितीने निर्णय घेतला: प्रणालीला थरावरून काढायचं. कायमचं. जोखीम नको. ती मॅडमच्या जिन्यात येऊन बसली. रडत नव्हती, नुसती पायरीचा पोपडा नखाने उकरत होती. “खालच्या बेसला पण नको म्हणतात. मॅडम, मी दोन वर्षांत एकदा तरी हलले का?”

मॅडमनी चपला घातल्या. समितीच्या खोलीत मी मागून पोचले तेव्हा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

“चूक कुणाची आणि बाहेर कोण? तिला दमा आहे, गुन्हा नाही! तिने लपवला तो तुमच्या भीतीने! आज हिला काढलंत की उद्या प्रत्येक मुलगी काही ना काही लपवेल. फिट येणारी लपवेल, साखरवाली लपवेल. मग बसा मोजे उलगडत!”

एक काका म्हणाले, “मॅडम, उद्या वर काही झालं तर तुम्ही जबाबदारी घेणार?”

“नाही घेणार. मी छातीची डॉक्टर नाही. छातीचा डॉक्टर तिला तपासेल, महिनाभर औषध देईल, पळवून बघेल. तो नाही म्हणाला तर मी स्वतः तिला खाली बसवीन, तिच्यासमोर. पण तुम्ही नाही म्हणायचं नाही. तुमच्यातल्या एकाला तरी फुप्फुस कुठल्या बाजूला असतं ते माहीत आहे का?”

“दोन्ही बाजूला असतं,” ते काका दुखावून म्हणाले.

“शाबास! मग दोन्ही बाजूंचं ऐका.”

छातीच्या डॉक्टरांनी रोज घ्यायचा वेगळा पंप दिला. प्रणाली तो पंप घेताना मॅडम पहिले काही दिवस समोर उभ्या राहायच्या, “ओढ, धर, सोड,” म्हणत. डॉक्टरांनी तिला पायऱ्यांवर पळवलं, नळीत फुंकायला लावलं, पुन्हा पळवलं. शेवटी होकार आला, तोही अटी घालून: रोजचा पंप चुकला तर चढायचं नाही, छाती जड वाटली तर चढायचं नाही, आणि निळा पंप कप्तानाच्या हातात राहील.

गोपाळकाला आला. तो मॅडमचा शेवटचा. दिवाळीनंतर त्या झोपेत गेल्या, आणि त्याबद्दल मी लिहिणार नाही, कारण मला ते लिहिता येत नाही.

लालबागच्या त्या चौकात ऊन होतं, दोरीच्या पलीकडे माणसांचा समुद्र, स्पीकरचा दणदणाट. मॅडम दोरीला चिकटून उभ्या. मंडळाने दिलेली खुर्ची त्यांनी कुणा म्हाताऱ्याला देऊन टाकली होती. मुलींचं पथक आत आलं. नितीनदादा खोबरं-साखर घेऊन फिरू लागला, आणि प्रत्येकीच्या तळहातावर ठेवायच्या आधी थांबून विचारू लागला, “कुठलं औषध चालू आहे?” एक म्हणाली रक्तवाढीचं. एक म्हणाली काही नाही. प्रणालीने हात पुढे केला आणि मोठ्याने म्हणाली, “दमा! रोजचा पंप सकाळी घेतला!” नितीनदादाने गळ्यात अडकवलेला निळा पंप तिला उघड उघड दाखवला. मागचं पथक खोळंबलं होतं, कुणीतरी ओरडलं, “दवाखाना घरी उघडा!” तर आमच्या खालच्या थराच्या मुली अशा वळल्या की तो गर्दीत दिसेनासा झाला.

थर लागले. पहिला, दुसरा, तिसरा. प्रणालीचे खांदे, त्यावर पाय, त्यावर अजून पाय. मॅडम शेजारच्या अनोळखी बाईला कोपर मारून सांगत होत्या, “ती तिसऱ्या थरावरची बघा! गुडघा हलतोय! हलतोय की नाही? हलू दे! तसाच हलायला पाहिजे!” त्या बाईला काही कळेना, पण तीही ओरडायला लागली, “हलतोय! हलतोय!” वरच्या मुलीने हात उंचावून सलामी दिली. मग उतरायला सुरुवात झाली. खरा जीव तिथेच टांगणीला लागतो. एक एक पाय, एक एक खांदा. शेवटचा थर सुटला आणि वरून कुणीतरी पाण्याचा पाइप सोडला.

धक्काबुक्कीत मॅडम माझ्या हातातून सुटल्या. शोधत शोधत गेले तर चौकाच्या कडेला उभ्या रुग्णवाहिकेच्या मागच्या दारात. निथळणारी साडी, आणि डोकं आत. “ऍड्रिनलीन आहे का? दाखव! उन्हात ठेवतोस? रंग बघितलास कधी?” त्या बाहेर आल्या, इवलीशी कुपी दोन बोटांत धरून आभाळाकडे केली. “गुलाबी झालं की फेकायचं, कळलं? पाण्यासारखं दिसायला पाहिजे. हे ठीक आहे.” गाडीतला पोरगा हो हो करत होता.

एवढ्यात प्रणाली गर्दी फोडत आली आणि सुरू झाली. “मॅडम बघितलंत का तुम्ही मी वर असताना माझ्या खांद्यावरची ती सायली एवढी हलत होती ना की मला वाटलं आता गेलो पण मी म्हटलं नाय हलायचं आणि नितीनदादा खालून डोळे मिटून उभा होता त्याला वाटलं मला दिसत नाय आणि आईपण आली होती ती बघतच नव्हती ती नुसती देवाचं नाव घेत होती आणि उतरताना माझा पाय बरोब्बर पडला, आणि मॅडम ते मागचे काय बोलले ऐकलंत ना तुम्ही...”

मॅडम कुपी हातात तशीच धरून उभ्या होत्या. मान जराशी कललेली, नजर प्रणालीच्या तोंडावर नाही, गळ्याच्या खाली. मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. तोडलं नाही, सुधारलं नाही. मला आधी वाटलं, ऐकून कंटाळल्या. मग लक्षात आलं, त्या गोष्ट ऐकतच नव्हत्या. श्वास मोजत होत्या. गुदमरणारं माणूस एवढं लांब वाक्य बोलू शकत नाही.

प्रणाली थांबली. “मॅडम, ऐकताय ना तुम्ही?”

“ऐकतेय गं,” मॅडम म्हणाल्या. तोंडावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. “बोल तू. थांबू नकोस. पुढे काय झालं ते सांग.”